डाव, दैव आणि नाल

दिवाळीचा पाडवा आपण वहीपूजनाचा आणि ओवाळणीचा दिवस म्हणून ओळखतो. परंतु या कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आणखी एक नाव आहे, आणि ते घरातल्या वडीलधाऱ्यांना फारसे रुचण्याजोगे नाही. ते नाव द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर आणि पार्वती फासे खेळले, पार्वती जिंकली आणि भोळे शंकर सर्वस्व हरून बसले, अशी कथा सांगतात. या सकाळी जो डाव जिंकेल त्याचे सारे वर्ष सुखाचे जाईल, असाही समज आहे. एरवी ज्याला महाव्यसन म्हणायचे त्याला वर्षातून एक दिवस शास्त्राची मुभा द्यायची, यात काही विसंगती आहे असे आपल्या पूर्वजांना वाटलेले दिसत नाही.

फराळाची ताटे उचलली गेली की पुष्कळ घरांत पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. बदाम सात, झब्बू, मेंढीकोट इथवर आजीचीही हरकत नसते. रमीला चार आणे पॉइंट लावू या असे कोणी म्हटले की काका चष्म्यावरून पाहतात. तीन पत्तीचे नाव निघाले तर मात्र माजघरातून आवाज येतो. का, असे विचारले तर उत्तर ठरलेले: रमीला डोके लागते, तीन पत्तीत नुसते नशीब. माजघरातला हा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली जवळजवळ याच अर्थाने दिला आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. पोकर नावाच्या विलायती खेळाचा निवाडा मात्र अजून नीटसा लागलेला नाही. तो का लागत नाही, हे समजून घ्यायचे तर थोडे दूरवर जावे लागेल, आणि आरंभ एका झाडापासून करावा लागेल.

सह्याद्रीच्या उतारावर, पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याच्या आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात जव्हार आणि मोखाडा हे दोन शेजारी तालुके आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या लोकांची ही वस्ती. तिथल्या रानांत साग, ऐन, मोह यांच्या सोबतीला बेहडा उभा असतो. त्रिफळेतले एक फळ, एवढीच आपली त्याची ओळख. पण वेदकाळचे फासे म्हणजे याच बेहड्याची फळे होत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात जुगाऱ्याचे जे सूक्त आहे, त्यात बायको दुरावलेला, आईला रडवणारा, कर्जाच्या भयाने रात्री लोकांच्या घरांकडे वळणारा एक हरलेला माणूस बोलतो. आणि त्याला अखेर उपदेश होतो तो फासे टाकून शेती करण्याचा. हा खेळ कसा खेळत याविषयी अभ्यासकांचा सर्वसाधारण तर्क असा की, पुष्कळ फळांच्या राशीतून मूठभर फळे उचलायची आणि त्यांना चाराने भागायचे. काही उरले नाही तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर आणि एक उरला तर कली. युगांची नावे आपण पुराणांतून ऐकतो. ती जुगाराच्या फडातून आलेली आहेत.

आता हा खेळ दैवाचा की बुद्धीचा? मूठ भरताना किती फळे आली हे ज्याला डोळ्याच्या अंदाजाने कळेल तो जिंकणार आणि ज्याला कळणार नाही तो हरणार. महाभारताच्या वनपर्वातील नलाख्यान या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. राज्य हरलेला नल बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. रथ वेगाने चालला असता राजा वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या दोन फांद्यांवर किती पाने आणि किती फळे आहेत ते सांगतो. फळांचा आकडा दोन हजार पंच्याण्णव. नल म्हणजे पक्का माणूस. तो रथ थांबवतो, झाड तोडतो, फळे मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. हीच ती अक्षविद्या. नल आपली अश्वविद्या देऊन ती विकत घेतो, त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो, आणि मग तो पुष्कराला एकाच डावात हरवून राज्य परत मिळवतो. ज्या देशात ही कथा शेकडो वर्षे सांगितली गेली, त्या देशातल्या लोकांना संभाव्यतेच्या गणिताची कल्पना नव्हती असे म्हणवत नाही. युरोपात १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन पंडितांनी अर्धवट राहिलेल्या डावातला पैसा कसा वाटावा याविषयी पत्रव्यवहार केला आणि त्यातून ते शास्त्र उभे राहिले. त्याचाही जन्म जुगाराच्याच मेजावरचा.

इथे एक अवघड गोष्ट लक्षात येते. नल बुद्धीने जिंकला म्हणून आपण आनंदतो. पण हस्तिनापुरातही बुद्धीच जिंकली होती. शकुनी हा फाशांतला निष्णात, आणि धर्मराज खेळाची हौस असलेला पण कच्चा खेळाडू. कपट बाजूला ठेवले तरी त्या सभेत जे घडले ते कौशल्याने अकौशल्याला लुबाडणे होते. निव्वळ नशिबाचा खेळ असता तर धर्मराजाने चार डाव तरी जिंकले असते! खेळात कौशल्य आहे एवढ्यावरून तो निरुपद्रवी ठरत नाही. उलट ज्याला येत नाही त्याचे हरणे तेवढे पक्के होते.

आपल्या स्मृतिकारांनी दैव किती आणि बुद्धी किती याचा काथ्याकूट केलेला नाही. निर्जीव वस्तूंनी खेळले तर द्यूत, कोंबडे-मेंढे झुंजवले तर समाह्वय, एवढा भेद मनू करतो आणि राजाने दोन्ही राज्यातून घालवून द्यावीत असे सांगतो. कौटिल्य अधिक व्यवहारी. त्याने द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी नेमला, खेळ एकाच जागी चालावा आणि इतरत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा असे ठरवले, आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घ्यावेत असा नियम घातला. याज्ञवल्क्यानेही सभिकाचा, म्हणजे अड्डा चालवणाऱ्याचा, वाटा बांधून दिला आहे आणि त्याने राजाला ठरलेला भाग द्यावा असे म्हटले आहे. त्या सभिकाच्या वाट्याला आपल्या मराठीत नेमका शब्द आहे: नाल. जो खेळत नाही, ज्याला हरण्याचे भय नाही, आणि जो प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढून घेतो, तो नाल घेणारा. जुन्या शास्त्रकारांची नजर खेळापेक्षा या माणसावर अधिक होती, असे मला वाटते. ती नजर पुढे कशी ढळली ते आता पाहू.

इंग्रजांचे राज्य आल्यावर जुगार हा पोलिसांचा विषय झाला. उत्तर हिंदुस्थानाकरिता १८६७ चा आणि मुंबई इलाख्याकरिता १८८७ चा कायदा झाला. दोहोंत एक छोटेसे कलम आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला, तो कुठेही खेळला जावो, हा कायदा लागू होणार नाही, असा त्याचा आशय. मुंबईच्या कायद्यात हे तेरावे कलम. बिलियर्ड आणि ब्रिज खेळणाऱ्या साहेबांच्या क्लबांत शिपाई शिरू नये, याची सोय त्यातून आपोआपच झाली. पण त्यातला ‘निव्वळ’ हा एक शब्द असा निघाला की पुढे सव्वाशे वर्षे वकिलांना तो पुरून उरला. पत्ते पिसले की दैव आलेच. मग पत्त्यांचा कोणताही खेळ निव्वळ कौशल्याचा कसा?

कायद्याची हद्द ही कशी मनुष्यनिर्मित गोष्ट आहे हे जव्हार आणि मोखाड्यात पाहावे. जव्हार हे मुकणे घराण्याचे महादेव कोळी संस्थान, १३४३ सालापासूनचे. त्याच्या मूळपुरुषाची, जयबाची, कथा जुन्या गॅझेटियरांत दिलेली आहे. त्याने तिथल्या वारली नाइकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. नाइकाने हसून होकार दिला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या, आणि त्यांनी वेढली तेवढी जमीन आपली म्हणून सांगितली. हा डाव दैवाचा नव्हे, हे कोणतेही न्यायालय मान्य करील. शेजारचे मोखाडे मात्र इंग्रजी मुलखात होते, शहापूर तालुक्याचा पोटभाग म्हणून. मुंबईच्या कायदेमंडळाचा कायदा मोखाड्यात लावता येई; जव्हारच्या हद्दीत राजेसाहेबांचा अंमल होता आणि तो कायदा तिथे आपसूक पोचत नसे. तेच रान, तेच लोक, तेच पत्ते. मधल्या ओढ्याच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ही रेघ पुसली गेली. कौशल्य आणि दैव यांच्यामधली रेघही पुष्कळशी अशीच आहे. ती खेळात नसते. कोणीतरी नकाशावर मारलेली असते.

१८८७ च्या कायद्याची भाषा मोठी मनोरंजक आहे. ज्या ज्या गोष्टींवर पैसे लावणे गुन्हा ठरेल त्यांची वेळोवेळी वाढत गेलेली यादीच त्यात आहे: कापसाचा बाजारभाव किंवा त्या भावातले आकडे, शेअरचा भाव, रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा नंबर, पत्त्यांवरची चित्रे आणि अंक, आणि पाऊस! पाऊस पडेल की नाही, किती पडेल, यावर मुंबईत सट्टा चाले. पन्हळीतून पाणी वाहील की नाही, यावर पेढीवाल्यांची गर्दी आकाशाकडे डोळे लावून बसे. ही पैज आहे, खेळ नव्हे, तेव्हा कायदा लागू नाही, असा मुद्दा उच्च न्यायालयात निघाला. त्यावर १८९० साली कायदा दुरुस्त करून पैजही जुगाराच्या व्याख्येत घालण्यात आली.

मुंबईत त्या दिवसांत पावसावर पैसे लावणे गुन्हा ठरले, आणि तिकडे जव्हार-मोखाड्याच्या उतारावरचा शेतकरी आपले सगळे बियाणे पावसावरच लावत होता. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगात भात आणि नागली-वरईची रोपे टाकायची, आणि वर पाहायचे. वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडणारा हा मुलूख; पण त्यातला एक पंधरवडा चुकला तर नागली जाते, आणि मार्च उजाडला की बायका हंडे घेऊन कोरड्या झऱ्यांशी बसतात. पीक गेले की उचल घ्यायची आणि वीटभट्टीवर जायचे. वैदिक ऋषीने जुगाऱ्याला शेती कर म्हणून सांगितले, त्याने हा प्रदेश पाहिलेला नसावा.

कापसाच्या आकड्याची कथा सर्वांना ठाऊक आहे म्हणून थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातले उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईला येत आणि त्यांच्या आकड्यांवर गिरणगावातला मजूर पैसे लावी. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले. त्यानंतर कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मटका आणला. पत्ते काढून आकडा जाहीर करण्याचा तो प्रकार. त्यात कौशल्य होते असा दावा कोणी केल्याचे ऐकिवात नाही. मटक्याचा प्रामाणिकपणा तेवढाच.

कौशल्याचा दावा करणारे निराळे होते, आणि ते इंग्रजी बोलत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात शब्दकोड्यांचे वेड पसरले. थोडी प्रवेश-फी भरा, कोडे सोडवा आणि हजारोंचे बक्षीस मिळवा. नोकरदार माणसे, विद्यार्थी, गृहिणी, सगळी शब्दकोश घेऊन बसत. आर. एम. डी. चमारबागवाला यांची ‘आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स’ ही त्यातली मोठी स्पर्धा. ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाच्या साप्ताहिकातून ती निघे. साप्ताहिक बंगलोरला छापले जाई, पण गिऱ्हाईक मोठ्या प्रमाणावर मुंबई राज्यात. मुंबई सरकारने १९४८ साली लॉटऱ्या आणि बक्षीस-स्पर्धा यांवर कर बसवणारा कायदा केला होता. १९५२ मध्ये दुरुस्ती करून राज्याबाहेर छापलेल्या पत्रांतल्या स्पर्धाही त्याच्या कक्षेत आणल्या. चमारबागवाला न्यायालयात गेले. आमचा हा व्यापार आहे, आणि व्यापाराचे स्वातंत्र्य घटनेने दिलेले आहे, असे त्यांचे म्हणणे.

९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी त्यात ऋग्वेदातल्या त्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारत, मनू, याज्ञवल्क्य, कात्यायन यांच्यापर्यंत सारी परंपरा उभी केली आणि जुगार हा व्यापारच नव्हे, तेव्हा त्याला व्यापाराचे संरक्षण नाही, असे सांगितले. बेहड्याच्या फळांवर हरलेला तो अनाम माणूस तीन हजार वर्षांनी दिल्लीच्या न्यायासनासमोर साक्षीला आला. शब्दकोडे हे वरवर बुद्धीचे काम वाटते. पण तिथे बक्षीस मिळे ते चांगला शब्द शोधल्याबद्दल नव्हे, तर संयोजकांच्या अधिकृत उत्तराशी आपले उत्तर जुळले म्हणून. न्यायालयाने तो जुगारच ठरवला.

त्याच दिवशी त्याच चमारबागवालांच्या दुसऱ्या खटल्याचाही निकाल लागला. संसदेने १९५५ साली केलेल्या बक्षीस-स्पर्धा कायद्यात महिन्याच्या बक्षिसांची मर्यादा एक हजार रुपये आणि प्रवेशपत्रांची दोन हजार अशी घातली होती. न्यायमूर्ती व्यंकटराम अय्यर यांनी सांगितले की, हा कायदा जुगारी स्वरूपाच्या स्पर्धांनाच लागू आहे. ज्यांत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते अशा स्पर्धांना नाही. एका निकालाने दार बंद केले आणि दुसऱ्याने त्याच दाराला एक खिडकी ठेवली. पुढे जे जे आत आले ते त्या खिडकीतून.

पहिली आली रमी. सिकंदराबादच्या एका करमणूक क्लबावर पोलिसांनी धाड घातली आणि पैसे लावून रमी खेळणाऱ्या सभासदांसह चिटणीस आणि खजिनदार यांना पकडले. खटला १९६७ साली सर्वोच्च न्यायालयात आला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला हे नागपूरच्या उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. त्यांनी म्हटले त्याचा सारांश असा: रमी हा तीन पत्तीसारखा नुसत्या दैवाचा खेळ नव्हे. कोणते पान पडले ते लक्षात ठेवावे लागते, कोणते धरावे आणि कोणते टाकावे हे ठरवावे लागते. पाने वाटताना दैव येते, पण तेवढे ते ब्रिजमध्येही येते. रमी हा मुख्यत्वेकरून कौशल्याचा खेळ आहे. आरोपी सुटले.

या निकालातले एक वाक्य मात्र पुढे कोणी फारसे आठवेनासे झाले. क्लबचा किंवा घराचा मालक अशा खेळातून नफा काढत असल्याचा पुरावा असता तर गुन्हा शाबीत होऊ शकला असता, असे न्यायमूर्तींनी त्याच निकालात म्हटले होते. म्हणजे याज्ञवल्क्याचा सभिक इथेही डोकावून गेला. परंतु वकिलांनी आणि धंदेवाल्यांनी निकालाचा पूर्वार्ध पाठ केला. रमी म्हणजे कौशल्य, एवढेच सूत्र गावोगाव गेले आणि नालेचा मुद्दा कागदांत राहिला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले वळण ते इथे आहे.

१९९६ साली मद्रासच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीलाही कौशल्याच्या वर्गात बसवले, आणि ‘निव्वळ कौशल्य’ म्हणजे भरीव प्रमाणात कौशल्य असा अर्थ लावला. १८८३ पासून महालक्ष्मीच्या मैदानावर जमणाऱ्या मंडळींना त्यात नवल वाटले नसेल.

आता पोकर. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याचे आज अधिक चालणारे रूप सांगतो. प्रत्येकाला दोन पाने गुप्त मिळतात, पाच पाने टप्प्याटप्प्याने मेजावर उघडी होतात, आणि दर टप्प्याला पैसे वाढवायचे किंवा पाने टाकून बाहेर पडायचे. ज्याची पाने उत्तम तो जिंकतो हे खरे. परंतु बाकीच्यांनी भिऊन पाने टाकली तर हातात काहीच नसणाराही जिंकतो. इथे थाप मारता यावी लागते आणि दुसऱ्याची थाप ओळखता यावी लागते. गणितही हवे आणि माणसांची पारखही. एका डावात दैव मोठे. हजार डावांत ते दोन्हीकडे सारखे वाटले जाते आणि उरते ती कसब. मग याला काय म्हणावे?

आपल्याच देशात त्याची उत्तरे पाहा. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज, रमी यांच्याबरोबर पोकरही जुगाराच्या व्याख्येतून वगळला. नागालँडने २०१६ साली त्याला कौशल्याच्या खेळांच्या यादीत घातले. कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, कौशल्याचा खेळ म्हणून तो खेळला जात असेल तर परवान्याची जरूर नाही, असे सांगितले. गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरवला. आणि आपल्याला विशेष म्हणजे गुजरातने लावलेला कायदा तोच, जुन्या मुंबई इलाख्याचा १८८७ चा, त्याच तेराव्या कलमासकट. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशाने २०१२ मध्ये आकडेशास्त्राचे पुरावे तपासून पोकर मुख्यतः कौशल्याचा ठरवला, आणि वर्षभरात वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. शहाणी माणसे एकाच खेळाकडे पाहून इतकी निरनिराळी उत्तरे देतात, तेव्हा दोष उत्तरांचा नसून प्रश्नाचा असावा.

शेजारी गोव्यात तर हा प्रश्न सोयीने बाजूलाच ठेवला गेला. १९७६ च्या तिथल्या जुगारबंदी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे आली, १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर मेजे मांडायची वाट उघडली, आणि मांडवीत दिव्यांनी झगमगणाऱ्या होड्या उभ्या राहिल्या. कौटिल्याने खेळ एका जागी आणि राजाला वाटा असे म्हटले होते. गोव्याने तेच केले, फक्त जागा पाण्यावर नेली. महाराष्ट्रानेही १९७६ सालीच कॅसिनोंचा कायदा करून ठेवला होता. तो सत्तेचाळीस वर्षे पुस्तकात पडून राहिला आणि अमलात न येताच २०२३ मध्ये रद्द झाला.

एवढ्यात मोबाइल आला, आणि क्लब, अड्डा, जहाज या साऱ्यांना मागे टाकून मेज थेट माणसाच्या तळहातावर आले. रमी आणि पोकर कंपन्यांच्या जाहिराती सांगू लागल्या की हा कौशल्याचा खेळ, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला. त्यांचा आधार तो १९६७ चा पूर्वार्ध. प्रत्येक डावातून कंपनी आपला हिस्सा कापून घेई. पोकरच्या भाषेत त्याला रेक म्हणतात, कंपन्यांनी त्याला शुल्क म्हटले. मराठीत आपण काय म्हणतो ते वर आलेच आहे. क्लबात चार ओळखीची माणसे समोरासमोर बसत. हरणाऱ्याचा चेहरा दिसे, कोणीतरी त्याला घरी जा म्हणून सांगे. तळहातावरच्या मेजाला चेहरा नाही आणि बंद व्हायची वेळही नाही. वीटभट्टीची उचल हातात पडलेला तरुण आणि दिवसाला शेकडो डाव खेळणारा पट्टीचा खेळाडू एकाच मेजावर बसवले जातात, आणि या दोघांत कौशल्याचा सामना झाला असे कागदावर लिहिले जाते. शकुनीला तरी हस्तिनापुरापर्यंत जावे लागले होते.

२०२३ च्या ऑक्टोबरपासून सरकारने अशा खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर शेकडा अठ्ठावीस कर बसवला, तोही कौशल्य-दैव असा भेद न करता. २०२५ च्या जुलैत राज्याच्या कृषिमंत्र्यांची विधानपरिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याची म्हणून एक चित्रफीत पसरली. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बाजूला करीत होतो, असे त्यांनी सांगितले. महिनाअखेर त्यांचे कृषिखाते गेले आणि त्यांना जे खाते मिळाले ते क्रीडा! विनोदी लेखकाने एवढे धाडस केले नसते.

त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच, २० आणि २१ ऑगस्ट २०२५ रोजी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ऑनलाइन खेळांचा कायदा मंजूर केला. त्याने पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांना बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत, दैवाचे असोत वा दोहोंचे मिश्रण. बंदीचा रोख खेळणाऱ्यापेक्षा खेळ चालवणाऱ्यावर, त्याची जाहिरात करणाऱ्यावर आणि त्याचे पैसे पोचवणाऱ्यावर ठेवला. हा कायदा अति कडक झाला, चांगल्या खेळाडूंवर त्यात अन्याय होतो, अशी तक्रार आहे आणि तिला न्यायालयांत वाचाही फुटली आहे. पोकरमध्ये खरोखर प्रवीण असलेल्या माणसाची ती तक्रार मला खोटी वाटत नाही. त्याची विद्या ऋतुपर्णाच्या जातीची आहे. परंतु दीडशे वर्षांनी कायद्याची नजर पत्त्यांवरून उठून नाल घेणाऱ्या हातावर गेली, एवढे खरे.

जमिनीवर मात्र महाराष्ट्रात अजून १८८७ चाच कायदा चालतो, आणि त्यातले तेरावे कलमही जागच्या जागी आहे. जव्हारच्या किंवा मोखाड्याच्या बाजारात, झाडाच्या पारावर, चारपाच जण पैसे मांडून पत्ते खेळताना सापडले तर शिपायाने आधी वाकून पाहायचे ते हेच, की हातात तेरा पाने आहेत की तीन.